तारेचं टोक

आईसाठी मी केलेले पहिले कानातले तिने माझ्या मामेभावाच्या लग्नात घातले. तांब्याची तार, दोन्हीकडे एकेक निळा मणी आणि वर सराफाकडून आणलेले चांदीचे हूक. बस, एवढंच. सकाळच्या नाश्त्यापासून पाठवणीपर्यंत ती ते घालून फिरली. विचारेल त्याला "आमच्या पोराने केलेत" असं सांगत होती. रात्री कानातले काढताना जबड्याखाली, मानेवर, बोटभर लांब लाल ओरखडा दिसला.

"लागत होतं तर काढून ठेवायचे ना!" मी म्हणालो.

"तू केले होतेस ना," ती म्हणाली आणि बोरोलीन शोधायला गेली.

कारण सापडायला दोन मिनिटं लागली. मण्याच्या वर तारेचे तीन वेढे घालून उरलेली तार मी कापली होती. कापलेलं टोक वेढ्यातून जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर आलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोट फिरवलं की लागत होतं. करताना ते कानातले मी पन्नास वेळा तरी पाहिले असतील. फोटो काढून ग्रुपवर टाकले, झूम करकरून पाहिले. बोट मात्र एकदाही फिरवलं नव्हतं.

तेव्हापासून तारेचा कुठलाही दागिना समोर आला की मी आधी एक गोष्ट बघतो. करणाऱ्याने टोकाचं काय केलंय? या एका प्रश्नाने दागिन्याबद्दल बरंच काही कळतं, असं माझं मत झालंय. आणि हा प्रश्न मोठ्या कलावंतालाही विचारता येतो. इथे मी तो अलेक्झांडर कॉल्डरला विचारणार आहे. पण आधी तार म्हणजे काय भानगड आहे, ते थोडक्यात.

दोन टोकं असतातच

तारेच्या कामाला फार काही लागत नाही, म्हणून तर माझ्यासारखे लोक त्यात पडतात. भट्टी नको, साचा नको. गोल नाकाची एक पक्कड, चपट्या नाकाची एक पक्कड आणि तार कापायला कटर. कटर कॉलेजच्या लॅबच्या दिवसांपासून घरात पडून होता. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर आणली. तिच्यावर इनॅमलचा थर असतो आणि तो पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो, हे घरी आल्यावर कळलं.

पहिला बग युनिटचा निघाला. व्हिडिओतली अमेरिकन बाई '20 गेज' म्हणते तेव्हा तिची तार 0.81 मिलिमीटर जाड असते. आपल्या दुकानातली 20 नंबरची तार बऱ्याचदा ब्रिटिश मापाची, म्हणजे 0.91 मिलिमीटरची असते. फरक एक दशांश मिलिमीटरचा, पण तेवढ्यात तार मण्याच्या भोकात जात नाही. नंबर वाढला की तार बारीक होते हेही सुरुवातीला उलटंच वाटतं. त्याचं कारण जुनं आहे. सोनार तार करतो ती जंतरपट्टीच्या एकाहून एक लहान भोकांतून ओढून. गेजचा आकडा मुळात तार किती वेळा ओढली याच्याशी जोडलेला होता. जास्त वेळा ओढली, जास्त बारीक.

दुसरा धडा चुकीच्या दुरुस्तीचा. कोडमध्ये चूक झाली की मागे जाता येतं. तार चुकीची वाकली तर तीही सरळ करता येते, पण ती आता पहिल्यासारखी उरलेली नसते. धातू वाकवला की तो त्या जागी कडक होतो. पुन्हा वाकवला की आणखी कडक, आणि मग एका वेळेला 'कट्' असा आवाज येऊन तुटतो. याला वर्क हार्डनिंग म्हणतात. मी परीक्षेत यावर टीप लिहून मार्कही मिळवले होते. बोटांना ते कळलं सातव्या तुकड्याच्या वेळी. लाल होईपर्यंत तापवलं की तांबं पुन्हा मऊ पडतं, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅसच्या शेगडीवर हे किती वेळा करणार?

तिसरी गोष्ट टोकांची. धाग्याला गाठ मारता येते. मातीचा सांधा बोटाने लिंपता येतो. कापलेल्या तारेचं टोक मात्र सुईसारखं असतं. दागिना अंगावर घालायची वस्तू असल्यामुळे ते टोक कुणाच्या ना कुणाच्या कातडीजवळ, नाहीतर ओढणीजवळ जाणारच. ते आत दाबता येतं, त्याची कडी करता येते, त्याच्यावर मणी बसवता येतो, सोल्डरने बंद करता येतं. पण काहीतरी करावंच लागतं.

नेमका तिथेच कट

शिकवणारे बहुतेक व्हिडिओ मात्र इथेच कट मारतात. मण्यावर शेवटचा वेढा पडतो, संगीत वाढतं आणि पुढच्या फ्रेममध्ये तयार कानातले संगमरवरावर, वाळलेल्या फुलांशेजारी. मधलं जे गेलं ते असं: कटरची एक बाजू सपाट कापते आणि दुसरी तिरकी. सपाट बाजू दागिन्याकडे ठेवून तार कापायची. मग चपट्या पक्कडीने टोक वेढ्याच्या अंगाला हलकेच दाबायचं. मग बोट फिरवून बघायचं. लागलं तर परत दाबायचं. सगळं मिळून पंधरा सेकंदांचं काम.

ते पंधरा सेकंद का जातात, हे कळण्यासारखं आहे. बघायला त्यात काही नसतं. स्क्रीनवर ते टोक दिसतच नाही, त्यामुळे दाबलं काय नि न दाबलं काय, फोटो तोच येतो. माझी तक्रार व्हिडिओ करणाऱ्यांच्या आळसाबद्दल नाही. तक्रार अशी आहे की असे दोनशे व्हिडिओ पाहिल्यावर आपल्याला दागिना म्हणजे त्याची पुढची बाजू, असंच वाटायला लागतं. मी आईच्या कानातल्यांचे पन्नास वेळा फोटो बघितले आणि बोट फिरवलं नाही, ते यामुळेच. मला चूक करायला कुणी शिकवलं नव्हतं. तपासायला कुणी शिकवलं नव्हतं.

टोकापासून सुरुवात

ऑफिसातली एक मैत्रीण एकदा म्हणाली, "तुझ्यासारखाच एक इंजिनिअर होता, तारेशी खेळणारा." तिने कॉल्डरचं नाव सांगितलं. मी त्याला फक्त मोबाइलमुळे ओळखत होतो. मोबाइल म्हणजे आपल्या हातातला नव्हे. छताला टांगलेलं, वाऱ्याच्या झुळकीने हलणारं शिल्प.

कॉल्डर 1898 साली जन्मला. वडील शिल्पकार, आजोबा शिल्पकार, आई चित्रकार. तरी पोरगा 1919 मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. चार वर्षांनी न्यूयॉर्कला कला शिकायला गेला आणि 1926 मध्ये पॅरिसला. तिथे तारेने माणसांचे चेहरे करू लागला, तार, कापड आणि बुचांची अख्खी छोटी सर्कस केली. पण दागिने त्याही आधीचे. लहानपणी रस्त्यावर केबलचं काम करणारे लोक तांब्याच्या तारेचे तुकडे टाकून जायचे. ते गोळा करून तो बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करायचा. पुढे आयुष्यभरात त्याने सुमारे 1,800 दागिने केले. बहुतेक पितळेचे आणि चांदीचे, थोडे सोन्याचे. पक्कड, हातोडी, ऐरण. सोल्डर जवळपास नाहीच.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी त्याचा एकही दागिना हातात घेतलेला नाही. जे पाहिलेत ते म्युझियमच्या वेबसाइटवर, फोनवर, दोन बोटांनी मोठे करून. म्हणजे ज्या सवयीला वर नावं ठेवली त्याच सवयीने. तरीही एक गोष्ट स्क्रीनवरसुद्धा सुटत नाही: त्याच्या दागिन्यांत टोकं लपवलेली नसतात. ती स्पायरल झालेली असतात.

हारात स्पायरल, पिनेत स्पायरल, कानातल्यांत स्पायरल. लुइझा जेम्सशी 1931 मध्ये त्याचं लग्न झालं, तिच्यासाठी केलेल्या सोन्याच्या अंगठीवरही स्पायरल. याबद्दल लिहिणारे 'खेळकर', 'बालसुलभ', 'आदिम' असे शब्द वापरतात. आफ्रिकेतल्या आणि प्राचीन युरोपातल्या दागिन्यांशी त्याचं नातं सांगतात. ते चूक नाही. पण हातात पक्कड घेऊन बसलं की स्पायरलची आणखी एक बाजू दिसते, आणि ती मला कौतुकाच्या लेखांत फारशी सापडली नाही.

स्पायरल करताना सुरुवात टोकापासून होते. तारेचं अगदी टोक गोल पक्कडीत धरून पहिला बारीक वेढा घालायचा. मग तो चपट्या पक्कडीत आडवा धरायचा आणि उरलेली तार त्याच्याभोवती फिरवत न्यायची. म्हणजे टोक सगळ्यात आधी मध्यभागी जाऊन बसतं आणि त्याच्याभोवती वेढ्यामागून वेढे येतात. काम संपतं तेव्हा ते टोक दागिन्यातल्या सगळ्यात सुरक्षित जागी असतं. कशात अडकत नाही, कुणाला टोचत नाही. मी जो प्रश्न सगळं झाल्यावर, उरलेली तार कापताना सोडवायला घेतला होता, तो कॉल्डरच्या पद्धतीत पहिल्याच वेढ्याला सुटलेला असतो.

हातोडीचंही तसंच. त्याची तार ठोकून चपटी केलेली असते. ठोकल्यावर धातूवर जे तेज दिसतं त्याबद्दल खूप लिहिलं जातं. पण ठोकल्याने तार कडकही होते. जे वर्क हार्डनिंग माझे तुकडे मोडत होतं, तेच त्याच्या हारांना आकार धरून ठेवायला मदत करतं. सोल्डर नाही म्हटल्यावर जोड कसे? एक कडी दुसऱ्या कडीत, कुठे रिव्हेट, कुठे तारेनेच तार बांधलेली. जोड समोर दिसतो आणि हलतो. हलतो म्हणून हार अंगावर वळतो. टांगलेल्या मोबाइलमध्येही तारेच्या कड्याच असतात. दागिना त्याच्यासाठी फावल्या वेळचा उद्योग असेलही, पण दागिन्यातली आणि शिल्पातली युक्ती एकच आहे.

म्हणून 'बालसुलभ' हा शब्द मला खटकतो. बघणाऱ्याला सोपं वाटणं आणि करणाऱ्याने सोपं सोडणं यांत फरक आहे. नवशिक्याने कॉल्डरची नक्कल करून पाहावी. पहिला वेढा जरा मोठा पडला की मधे भोक राहतं आणि सगळं स्पायरल जिलबीसारखं दिसतं.

पण घालणारीचं काय?

इथपर्यंत मी कॉल्डरचा भक्त आहे. यापुढे नाही.

त्याचा 'द जेलस हजबंड' नावाचा हार आहे, साधारण 1940 चा, पितळी तारेचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. अभिनेत्री अँजेलिका ह्यूस्टनने तो घातलेला एक फोटो 1976 चा आहे, आणि तो फोटो भारी आहे यात वाद नाही. हार गळ्यापुरता थांबत नाही, खांद्यांवर पसरतो. नावातच विनोद आहे: मत्सरी नवरा. बायकोजवळ कुणी फिरकू नये म्हणून तिच्याभोवती घातलेलं तारेचं कुंपण.

विनोद कळला. हसूही आलं. मग मी तो फोटो पुन्हा मोठा केला आणि मनात घालणारीची दिनचर्या सुरू झाली. हा घालून गाडीत बसता येईल का? मान वळवून मागच्याशी बोलता येईल का? लहान मूल उचलता येईल का? कुणाला मिठी मारता येणार नाही, हे तर नावातच आलं. म्हणजे विनोद नवऱ्याचा आणि वजन तिच्या खांद्यावर.

यावर ठरलेलं उत्तर आहे: हा दागिना नाही, अंगावर घालायचं शिल्प आहे. मला हे उत्तर पळवाट वाटतं. शिल्पाला चौथरा लागतो. इथे तो चौथरा श्वास घेतो, त्याला घाम येतो, त्याची मान दुखते. कॉल्डरने स्पायरलमध्ये टोकाचा विचार पहिल्या वेढ्यापासून केला. तोच माणूस इथे घालणारीच्या खांद्यांचा विचार शेवटपर्यंत करत नाही, असं मला दिसतं. त्याने हे दागिने आईला दिले, बहिणीला दिले, बायकोला दिले, मैत्रिणींना भेट दिले. प्रेमाने दिले यात शंका नाही. पण प्रेमाने दिलेली वस्तू टोचत असली तर सांगणं जास्तच कठीण असतं. मला ते ओरखड्यावरून कळलंय. "तू केले होतेस ना."

मी वाचलेल्या लेखांत या बायका नावांनिशी येतात. पेगी गुगेनहाइमने 1942 मध्ये आपल्या गॅलरीच्या उद्घाटनाला एका कानात कॉल्डरचं आणि दुसऱ्या कानात इव्ह टँगीचं कानातलं घातलं, ही गोष्ट सगळीकडे सापडते. त्यातून तिला काय म्हणायचं होतं तेही सांगितलं जातं: अमूर्त कला आणि सर्रिअॅलिझम, दोघांकडे मी सारख्याच नजरेने बघते. पण कान दुखले का, हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेतला धरला जात नाही. माझं म्हणणं आहे की दागिन्याच्या समीक्षेत तो पहिला हवा.

एक अपवाद मात्र सापडला आणि तो मला फार आवडतो. चित्रकार जॉर्जिया ओकीफसाठी कॉल्डरने पितळेची पिन केली होती, तिच्या आडनावातल्या 'ओ' आणि 'के' या अक्षरांची. तिने ती वर्षानुवर्षं वापरली, कितीतरी फोटोंत ती दिसते. पुढे केस पांढरे झाल्यावर पिवळं पितळ आपल्याला शोभत नाही असं तिला वाटलं. तिने काय केलं? त्याच पिनेची चांदीची प्रत करून घेतली. तीही भारतात, इथल्या कारागिराकडून.

काही जणांना ही मूळ कलाकृतीची अवहेलना वाटेल. मला ती कॉल्डरच्या दागिन्यावरची सगळ्यात चांगली समीक्षा वाटते. ओकीफने आकार ठेवला, कारण तो बरोबर होता. धातू बदलला, कारण तो आता तिच्या अंगावर चुकत होता. घालणारीने आपलं मत वस्तूतच नोंदवलं. पिन नाकारली नाही आणि निमूटपणे सोसलीही नाही.

नथीची मागची बाजू

कॉल्डर स्वतःही भारतात येऊन गेला होता. 1955 मध्ये गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून तो आणि लुइझा अहमदाबादला आले. तिथे त्याने शिल्पं केली आणि दागिनेही केले. हे वाचताना मला आमच्याच कपाटातल्या तारेच्या कामाची आठवण झाली. ते मी आजवर तारेचं काम म्हणून पाहिलंच नव्हतं.

आजीची नथ. मोती, मधे लाल खडा, हिरवा खडा. लग्नाच्या फोटोंत आपण नथ समोरूनच बघतो. मी ती पहिल्यांदा उलटी केली. मागून ती पूर्ण वेगळी वस्तू आहे. सोन्याची जाड तार वळवून केलेला आकार, आणि प्रत्येक मोती केसासारख्या बारीक तारेने त्याला बांधलेला. वेढ्याला लागून वेढा. टोक शोधायला मला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. सापडलं ते दोन मोत्यांच्या मधल्या खाचेत, आत दाबलेलं. मग बोट फिरवलं. काही लागलं नाही.

तिथे न लागण्याला महत्त्व आहे, कारण ही वस्तू ओठाच्या वर टेकते. जेवताना, बोलताना, नाव घेताना हलते. मंगळसूत्राचंही तेच. काळे मणी सोन्याच्या तारेत गाठवलेले असतात आणि प्रत्येक मण्यापाशी दोन बारीक कड्या असतात. रोज, झोपेतसुद्धा, मानेला टेकणारी वस्तू. एकही कडी नीट मिटलेली नसली तर पदराचा धागा ओढला जाईल.

मला इथे 'आपलं ते थोर' असा निकाल द्यायचा नाही. मागची बाजू कितीही सुबक असली तरी जड नथ नाकाला ओढतेच. आणि नथ कुणी घालायची, कधी घालायची, याची सक्ती कशी चालत आली, तो वेगळा विषय आहे. आकाराच्या बाबतीत नथ करणाऱ्याने कॉल्डरइतकं धाडस केलेलं नाही. त्याला ते करायचंही नव्हतं. पण टोकाच्या प्रश्नावर तो कॉल्डरच्या पुढे आहे. कॉल्डर टोकाला सजावट करतो आणि बघणाऱ्याला दाखवतो. नथ करणाऱ्याने टोक अशा जागी नेलंय की ते फक्त घालणारीला कळावं, तेही न टोचल्यामुळे. पहिल्या कामावर कॉल्डरचं नाव आहे. दुसऱ्या कामावर कुणाचंच नाही, आजीलाही ते माहीत नव्हतं.

बोट

मी अजून नवशिकाच आहे. गेल्या महिन्यात आईसाठी कानातल्यांचा नवा जोड केला. खाली कॉल्डरसारखं स्पायरल, टोकापासून सुरू केलेलं, हातोडीने ठोकलेलं. वर मण्यापाशी वेढे घालून टोक नथीसारखं मण्याच्या खाचेत दाबलेलं. मग तो जोड आईच्या जुन्या सिल्कच्या ओढणीवरून फिरवला. एकदा धागा अडकला. पुन्हा दाबलं. मग एक कानातलं दोऱ्याला बांधून माझ्याच गळ्यात घातलं आणि दिवसभर घरून काम केलं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवला, हे खरं. दुपारपर्यंत ते गळ्यात आहे हे विसरलो होतो.

आईला दिलं तेव्हा ती "छान" म्हणेल म्हणून मी बघत होतो. तिने ते हातात घेतलं, उलटं केलं आणि मण्याच्या मागून अंगठा फिरवला. मग चष्मा लावून पुढची बाजू बघितली.